परतीची वेळ आधी

आज मी तुम्हाला एका सहलीची गोष्ट सांगणार आहे. सहल एकाच दिवसाची. खरं तर सकाळी आठ ते दुपारी दोन, एवढीच. माणूसही एकच, म्हणजे मी. पण तिची तयारी मात्र दोन महिने चालली होती. सहा तासांसाठी दोन महिने, हे ऐकून माझ्या एका मित्रानं विचारलं, "अरे, तू बेटावर गेला होतास की चंद्रावर?" त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आधी थोडं मागे जावं लागेल.

माझं बालपण दाभोळच्या खाडीकाठी गेलं. वाशिष्ठी नदी तिथं समुद्राला मिळते. आमच्या आळीतली पोरं पोहायला आणि चालायला साधारण एकदमच शिकत. मी चौदा वर्षांचा असताना एका दुपारी धाकट्या भावाला घेऊन कुणाची तरी बांधलेली होडी सोडली आणि पलीकडे निघालो. होडी काय सुरेख चालली होती! वल्हं मारायची गरजच वाटेना. मला वाटलं, आपल्या दंडात केवढा जोर आलाय. तो जोर माझा नव्हता, ओहोटीचा होता. खाडीचं पाणी समुद्राकडे पळत होतं आणि आम्हाला बरोबर घेऊन चाललं होतं. मागे वळायला गेलो, तेव्हा कळलं की होडी वळते, पण परतत नाही.

शेजारच्या तांडेलकाकांनी त्यांच्या होडीतून येऊन आम्हाला गाठलं. किनाऱ्याला आल्यावर त्यांनी मला एक सणसणीत मुस्काटात दिली आणि मग एकच प्रश्न विचारला. "पोरा, जायला काय, पाणीच नेतं. परत येणार होतास कसा?"

त्यानंतर मी बँकेत लागलो, बदल्या झाल्या, संसार झाला. आयुष्यभर दुसऱ्यानं चालवलेल्या होडीतच बसलो. पण त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, हे मनात कुठंतरी राहून गेलं होतं.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं मुलीकडे अमेरिकेत गेलो. ती सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी राहते. जावईबापूंना कयाक चालवायचा नाद. कयाक म्हणजे एका माणसापुरती लांबट, अरुंद होडी. पाय पुढे पसरून बसायचं आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं डावीकडे-उजवीकडे मारायचं. बसल्यावर आपण पाण्याच्या पातळीलाच असतो, म्हणजे हात खाली सोडला की पाण्यात. एका तळ्यात त्यांनी मला बसवलं आणि पहिल्या दहा मिनिटांत मी पुन्हा चौदा वर्षांचा झालो.

त्या उपसागरात एंजल आयलंड नावाचं बेट आहे. उत्तरेकडच्या टिब्युरॉन गावापासून जेमतेम मैलभर. क्षेत्रफळ तीन चौरस किलोमीटर, मध्ये माउंट लिव्हरमोर नावाची ७८८ फूट उंचीची टेकडी आणि कडेनं आठ-नऊ किलोमीटरचा रस्ता. काठावरून पाहिलं की वाटतं, हात लांब केला तर लागेल. मी घरी जाहीर केलं, "मी तिथं जाणार. वल्हवत जाणार, टेकडी चढणार आणि वल्हवत परत येणार. एकटा."

"बाबा, एकटे कशाला?" मुलगी म्हणाली.

ही नुसतीच माझ्याकडे बघत राहिली. तिचं बघणं मुलीच्या प्रश्नापेक्षा अवघड होतं.

मी सांगितलं, "दुसरा कुणी बरोबर असला, की परत कसं यायचं हे तोच ठरवतो. मला ते एकदा स्वतः ठरवायचंय." मुलगी व्यवहारी. ती म्हणाली, "चालेल. पण मग ते कागदावर लिहून द्यायचं. आणि तो कागद मला पटला, तरच." तिथून तयारी सुरू झाली.

मला वाटलं होतं, पाणी मला कळतं. आपल्या कोकणात भरतीची वेळ काढायला पुस्तक लागत नाही. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, येईल तो आकडा साधारण भरतीचा तास. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आगेमागे आणि उधाण. मी पंचांग घेऊन बसलो आणि सॅन फ्रान्सिस्कोला ते साफ खोटं पडलं! तिथल्या दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. एक मोठी, एक छोटी. ओहोट्यांचंही तसंच. शिवाय काठावर पाणी किती चढलंय आणि सामुद्रधुनीत ते कुठं वाहतंय, या दोन गोष्टींचं घड्याळ एक नाही. काठावर भरती पूर्ण झाली, म्हणजे मधला प्रवाह थांबलाच असं नाही.

बेट आणि टिब्युरॉन यांच्यामधल्या पाण्याच्या पट्ट्याला रॅकून स्ट्रेट म्हणतात. नाव प्राण्यावरून नाही, १८१४ मध्ये दुरुस्तीसाठी तिथं थांबलेल्या एका ब्रिटिश युद्धनौकेवरून पडलंय. एवढ्या मोठ्या उपसागराचं पाणी समुद्राला मिळतं ते गोल्डन गेटच्या एका अरुंद तोंडातून. त्यामुळे रॅकून स्ट्रेटमध्येही पाणी जोरात असताना तासाला पाच किलोमीटरच्या आसपास धावतं. माझ्यासारखा माणूस वल्हवतोही तितक्याच वेगानं. म्हणजे प्रवाहाच्या तोंडावर मी तासभर घाम गाळला, तरी जिथल्या तिथंच! आणि ओहोटीचा ओघ जातो गोल्डन गेटकडे, म्हणजे थेट प्रशांत महासागराकडे. दाभोळच्या खाडीचंच मोठं रूप हे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. तिथं खाऱ्या वाऱ्यांचा कारभार मोठा आहे. आतली सखल जमीन दुपारी तापते आणि समुद्रावरची थंड हवा गोल्डन गेटच्या तोंडातून आत ओढली जाते. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारी खवळतं. त्यात ओहोटीचं पाणी पश्चिमेला चाललेलं आणि वारा पश्चिमेकडून समोर आलेला, अशी गाठ पडली, की आखूड आणि उभ्या लाटा उठतात. कयाकला त्या फार वाईट.

तिसरी गोष्ट थंडीची. आपल्या समुद्रात पडलं, तर माणूस भिजतो. तिथं पडलं, तर माणूस गारठतो. पाण्याचं तापमान वर्षभर साधारण दहा ते सोळा अंश. थंड पाण्याबद्दल तिकडे एक-दहा-एक असा नियम शिकवतात. पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायचं, कारण थंडीच्या धक्क्यानं माणूस धापा टाकतो आणि पाणी छातीत जातं. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, तेवढ्यात होडीत परत चढायचं. आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. आकडे पाण्याप्रमाणे आणि माणसाप्रमाणे कमीजास्त होतात, पण क्रम तोच. माझ्यासारख्या पट्टीच्या पोहणाऱ्याच्या लक्षात आलं, की इथं पोहण्याचा उपयोग नाही. इथं उपयोग आहे तो होडीत पुन्हा चढण्याचा.

मग तो सराव सुरू झाला. जावईबापू तळ्याकाठी घड्याळ घेऊन उभे आणि मी मुद्दाम होडी उलटी करतोय. वल्ह्याच्या एका पात्यावर हवेची पिशवी चढवायची, वल्हं होडीला आडवं लावायचं, त्याच्या आधारानं पोटावर सरपटत वर यायचं आणि हातपंपानं आतलं पाणी काढायचं. पहिल्या दिवशी मला बावीस मिनिटं लागली. काठावरचा एक लहान मुलगा पोट धरून हसत होता. महिन्याभरानं मी चार मिनिटांवर आलो. तेव्हा कुठं मुलीनं कागद हातात घेतला.

आता तो कागद. मी आधी सहल सगळे लिहितात तशी लिहिली होती. सकाळी निघणे, बेटावर पोचणे, टेकडी, जेवण, परत. लिहून झाल्यावर तांडेलकाकांचा प्रश्न आठवला आणि तो फाडून टाकला. नवा कागद शेवटाकडून लिहायला घेतला.

परत कधी यायचं? भरतीचा ओघ संपून ओहोटी लागायच्या आधी. अमेरिकेच्या सरकारी खात्याचे प्रवाहांचे तक्ते असतात. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी सामुद्रधुनीतलं पाणी सकाळी आठच्या सुमाराला थांबणार होतं आणि मग दुपारी पावणेदोनपर्यंत भरतीचा ओघ आत चालणार होता. म्हणजे सकाळी पाणी थांबताना निघायचं आणि दुपारी ते पुन्हा थांबायच्या आत परतायचं. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा काही बिघडलं, तर पाणी मला समुद्राकडे नेणार नाही, उपसागराच्या आत नेईल. सगळ्या बेताचा कणा हा होता. बाकी सगळं त्यावर बेतलं.

बेटाचा किनारा दीड वाजता सोडायचा. त्यासाठी सव्वाला किनाऱ्यावर हजर. त्यासाठी टेकडीवर, जिथं असेन तिथून, बारा चाळीसला मागे फिरायचं. मी लिहिलं, 'शिखर दिसत असलं तरी.' मुलीनं खाली लाल शाईनं रेघ मारली. शिवाय तीन अटी. निघताना पलीकडचा किनारा दिसला नाही, तर जायचं नाही. पाण्यावर पांढरा फेस दिसला, तर जायचं नाही. आणि दुपारी वारा आधीच सुटला, तर बेटावरच थांबायचं आणि होडी तिथं ठेवून प्रवासी फेरीबोटीनं परत यायचं. अडीचपर्यंत माझा फोन आला नाही, तर मुलीनं तटरक्षक दलाला कळवायचं. होडीचा रंग, माझ्या जाकिटाचा रंग, निघायची आणि उतरायची जागा, सगळं त्यावर. तो कागद फ्रिजवर लागला.

सामानही ठरलं. अंगावर थंड पाण्यासाठीचा रबरी पोशाख आणि त्यावर जीवरक्षक जाकीट, गळ्यात शिट्टी, जाकिटाला लावलेला पाण्यात चालणारा बिनतारी संच, जादा वल्हं, पंप, आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीत कोरडे कपडे, चालायचे बूट, पाणी. हिनं दशम्या आणि लसणीची चटणी दिली. दोन वेळची दिली. म्हटलं, "अगं, दोनला परत येतोय." म्हणाली, "असू देत." तिचा बेत तिच्यापुरता तयार होता.

पहिल्या ठरलेल्या शनिवारी आम्ही पहाटे टिब्युरॉनला पोचलो आणि समोर बेटच नव्हतं. धुकं असं, की होडीचं पुढचं टोक दिसेना. तासभर थांबलो. प्रवाहाची वेळ टळली. होडी पुन्हा गाडीवर बांधली. दोन आठवड्यांनी पुन्हा तशीच जुळणारी वेळ होती. घरी परतताना मी गप्प होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, बेत फसला नाही. बेतात हे लिहिलंच होतं." खरं होतं, पण दुखायचं ते दुखलंच.

दुसऱ्या खेपेला सामुद्रधुनी स्वच्छ होती. धुकं फक्त टेकडीच्या माथ्यावर टोपीसारखं बसलेलं. आठ वाजून दहा मिनिटांनी निघालो. पाणी थांबलेलं. मधोमध आल्यावर वल्हं आडवं ठेवलं आणि दोन क्षण थांबलो. एका बाजूला किनारा, दुसऱ्या बाजूला बेट आणि मधे मी. भीती होती, पण ती ओळखीची होती. तिच्याशी दोन महिने बोलणं झालं होतं. अर्ध्या तासात आयाला कोव्हच्या पुळणीला लागलो. १७७५ मध्ये आयाला नावाच्या स्पॅनिश कप्तानानं आपलं जहाज याच बेटाच्या आसऱ्याला नांगरलं होतं.

माथा धुक्यात होता म्हणून मी आधी कडेच्या रस्त्यानं बेटाला वळसा घातला. पश्चिमेला अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातली लष्करी छावणी, समोर गोल्डन गेट, पुढे अल्कट्राझ आणि शहर. अकराच्या सुमाराला ईशान्येला असलेल्या जुन्या आप्रवासी ठाण्यापाशी आलो. इथं मी चाळीस मिनिटं ठेवली होती.

१९१० ते १९४० या काळात प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेत येणाऱ्यांना या ठाण्यावर अडवून तपासत. १८८२ च्या कायद्यानं चिनी मजुरांना बंदी होती, त्यामुळे चिन्यांची उलटतपासणी सर्वांत कडक. कुणी दिवसेंदिवस, कुणी महिनेन् महिने लाकडी बराकीत कोंडलेले. त्यांनी भिंतींच्या लाकडावर चिनी अक्षरांत कविता कोरल्या. पुढे इमारत पाडायचं ठरलं होतं. १९७० मध्ये उद्यानाच्या एका रक्षकाचं लक्ष त्या अक्षरांकडे गेलं, लोक जागे झाले आणि ती वाचली. मला चिनी येत नाही. पण लाकडात खोल गेलेलं अक्षर बोटाजवळ आलं, की वेळ कसा गेला असेल ते कळतं.

इथं आपलेही लोक होते. १९१५ मध्ये पेशावरहून वैष्णोदास बगाई पत्नी कला आणि तीन मुलांना घेऊन आले, तेव्हा त्यांनाही इथं अडकवून ठेवलं होतं. पुढे त्यांना नागरिकत्व मिळालं. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हिंदी माणसं नागरिकत्वाला पात्र नाहीत असा निकाल दिल्यावर ते काढूनही घेतलं गेलं. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. कलाबाई मुलांना घेऊन तिथंच उभ्या राहिल्या. आज बर्कली शहरातल्या एका रस्त्याला त्यांचं नाव आहे. जन्मभूमी सोडलेली आणि नव्या देशानं दार लावून घेतलेलं. परतीचा रस्ताच न उरलेल्या माणसांची ती जागा. मी सकाळपासून परतीच्या वेळेचा हिशेब करत होतो, तो अचानक फार लहान वाटला. पण त्याच वेळी जाणवलं, की आपल्या मनानं जाता येणं आणि आपल्या मनानं परतता येणं ही केवढी चैन आहे.

बाहेर आलो तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. पंचवीस मिनिटं जास्त खर्चली होती. झपाझप टेकडीची वाट धरली. धुकं विरलं होतं. ऊन पडलं. वळणावर आलो आणि माथा समोर! लष्करानं क्षेपणास्त्रांच्या तळासाठी हा माथा कापून सपाट केला होता, तो २००२ मध्ये माती भरून पुन्हा उंच केलाय. तिथून चारी बाजूंचा उपसागर दिसतो, असं ऐकलं होतं. वरून उतरणारं एक जोडपं म्हणालं, "वीस मिनिटं. चुकवू नका."

घड्याळात बारा चाळीस.

श्रोतेहो, त्या क्षणी माझ्या डोक्यात किती वकील उभे राहिले म्हणून सांगू! हवा छान आहे. वीस मिनिटं जायला, पंधरा यायला, पाऊण तासाचाच प्रश्न. तक्ते काय, अंदाजच असतात. वारा कुठं आहे? पुन्हा येणं होणार का या वयात? प्रत्येक वकिलाचा मुद्दा बिनतोड होता. पण त्यातला एकही फ्रिजवरचा कागद लिहिताना हजर नव्हता. तो कागद लिहिणारा माणूस घरात बसलेला, चहा प्यायलेला, शांत डोक्याचा होता. आणि टेकडीवरचा माणूस दमलेला, खूश झालेला आणि हावरा होता. दोघांत विश्वास कुणावर ठेवायचा? मी मागे फिरलो. अगदी खरं सांगतो, शहाणपणानं नाही, चिडून फिरलो.

सव्वाला किनाऱ्यावर. दीडला पाण्यात. भरतीचा ओघ शेवटाला आलेला, हलका वारा. एका फेरीबोटीच्या लाटांवर होडी जरा डुचमळली, एवढंच. दोनला मुलीसमोर होतो. तिनं कागदावर वेळ लिहिली आणि सही केली, जसं काही बँकेचं व्हाउचर!

आम्ही काठावर चहा घेत बसलो. तीनच्या सुमाराला मुलीनं सामुद्रधुनीकडे बोट केलं. पाण्यावर पांढऱ्या फेसाच्या रेघा उठल्या होत्या. शिडाच्या होड्या एका अंगावर कलल्या होत्या. मी वर गेलो असतो, तर त्या पाण्यात सापडलो असतो का? कदाचित नाही. कदाचित थोडा आधी निसटलो असतो. टाळलेला अपघात कधी दिसत नाही, म्हणून तर टाळण्याचं कौतुक होत नाही. मला त्याचा पुरावा नकोच होता. मला हवं होतं ते चौदाव्या वर्षी न आलेलं उत्तर. ते आलं.

आपल्याकडेही हीच गोष्ट लागू आहे. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी जाऊन पाहता येतो. लोक पाहतात, रमतात, आणि भरती लागली की मधे पाणी. कयाक आता आपल्या किनाऱ्यांवरही दिसू लागल्या आहेत. तरुण मुलं हौसेनं घेतात, चांगलंच आहे. एकटं जायलाही माझी ना नाही. एकटं गेल्यानं माणसाला स्वतःची नीट ओळख होते. फक्त निघण्याआधी एक कागद घ्या आणि तो खालून वर लिहा. परत कधी, परत कसा, नाहीतर दुसरा रस्ता कोणता, आणि मी आलो नाही तर कुणाला कधी कळणार. मग वर राहिलेल्या जागेत सहल लिहा. जागा थोडी उरेल. उरू दे.

आता चिरंजीव नातू मला विचारतो, "आजोबा, तुम्ही त्या डोंगराच्या टोकावर गेला होतात?" मी सांगतो, "नाही रे, वीस मिनिटं राहिली." त्याला ते पटत नाही. पटायला त्याला अजून वेळ आहे. हिनं दिलेल्या दुसऱ्या वेळच्या दशम्या मात्र आम्ही त्या काठावरच, समोर खवळलेलं पाणी बघत, चौघांनी वाटून खाल्ल्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)